'सकाळी बघू' नको! हृदयविकाराचे संशोधन आणि आपण आखाती मराठी मंडळी



आम्ही चार-पाच मित्र जबल अलीच्या फ्री झोनमध्ये संगणकाच्या नोकऱ्या करतो. सगळे इंजिनीअर, सगळे तिशी-चाळिशीतले. आमच्यापैकी कोणीही डॉक्टर नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. तरीही हा लेख आम्ही का लिहितो आहोत, त्यामागे एक प्रसंग आहे. ज्याच्या बाबतीत तो घडला त्याची परवानगी घेऊन, पण नाव न देता, तो आधी सांगतो.

एका शनिवारी रात्री आम्ही सगळे एका मित्राच्या घरी जमलो होतो. मिसळ-पावाचा बेत होता. जेवणानंतर आमच्यातल्याच एकाला छातीच्या मधोमध जड वाटू लागले, घाम आला, डावा खांदाही भरून आला. वय अवघे एकेचाळीस. "मिसळ बाधली रे," असे तो म्हणाला आणि आम्हीही हसून "ॲसिडिटीची गोळी घे आणि झोप, सकाळी बघू," असे म्हणालो. रात्रभर तो तळमळला. पहाटे स्वतःच गाडी चालवत इस्पितळात गेला. तिथे ईसीजी काढल्याबरोबर धावपळ उडाली. झटका रात्रीच येऊन गेला होता. स्टेंट बसवला, जीव वाचला. पण हृदयाच्या स्नायूचा जो भाग रात्रभरात रक्ताविना गेला, तो परत आला नाही. आज दोन मजले चढले की तो थांबतो.

"सकाळी बघू" हे वाक्य आमचे होते. ऑफिसातला सर्व्हर बंद पडल्याचा फोन रात्री दोन वाजता आला तर आम्ही अंथरुणातून उठतो. मित्राच्या छातीत दुखत असताना मात्र आम्ही झोपायला सांगितले! त्यानंतर आम्ही ठरवले की या रोगाबद्दल जगभर जे संशोधन झाले आहे ते नीट वाचायचे आणि मंडळाच्या सभासदांसाठी सोप्या भाषेत मांडायचे. जमेल तसे मांडले आहे, गोड मानून घ्यावे.

रोग नेमका काय आहे?

हृदय हा पंप आहे, आणि त्या पंपाच्या स्नायूलाही रक्त लागते. ते पुरवणाऱ्या धमन्या हृदयाच्या बाहेरच्या बाजूने मुकुटासारख्या पसरलेल्या असतात. त्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. या धमन्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचे थर साचत जातात. यालाच आपण साध्या भाषेत 'ब्लॉकेज' म्हणतो.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा घोळ पुष्कळांच्या मनात असतो.

पहिली म्हणजे स्थिर आजार. धमनी हळूहळू अरुंद होते. बसल्या जागी त्रास नसतो, पण जिना चढताना किंवा भरभर चालताना छाती भरून येते आणि थांबले की बरे वाटते. याला अंजायना म्हणतात.

दुसरी म्हणजे झटका. चरबीच्या थराला अचानक तडा जातो, त्या जागी रक्ताची गुठळी जमते आणि धमनी काही मिनिटांत बंद होते. गंमत (खरे तर दुर्दैव) अशी, की तडा जाणारा थर पुष्कळदा फार मोठा नसतोच. म्हणून कालपर्यंत ठणठणीत असलेल्या, अगदी स्ट्रेस टेस्ट 'नॉर्मल' आलेल्या माणसालाही झटका येऊ शकतो.

आपल्या लोकांना लवकर का?

"आमच्या घराण्यात कोणाला नाही" किंवा "अजून पन्नाशी कुठे आली आहे" ही दोन वाक्ये आपल्याकडे नेहमी ऐकू येतात. त्यावर संशोधन काय म्हणते ते पाहू.

२००४ मध्ये 'इंटरहार्ट' नावाच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ५२ देशांतील पहिला झटका आलेले सुमारे पंधरा हजार रुग्ण आणि तितकीच झटका न आलेली माणसे यांची तुलना केली होती. निष्कर्ष असा, की जगात कुठेही जा, झटक्यांचा जवळजवळ ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडता येतो. धूम्रपान, रक्तातील वाईट चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर आणि मनावरचा ताण या सहा गोष्टी धोका वाढवतात. रोजची फळे-भाज्या आणि नियमित व्यायाम धोका कमी करतात. नववी गोष्ट मद्यपानाची. मर्यादित मद्यपान करणाऱ्यांत तेव्हा धोका थोडा कमी दिसला होता, पण त्यावर आज तज्ज्ञांत एकमत नाही, आणि हृदयासाठी म्हणून कोणी पिणे सुरू करावे असे कोणी सांगत नाही.

याच अभ्यासातील दक्षिण आशियाई लोकांची माहिती वेगळी काढून २००७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक होते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी. मराठी माणसाला अभिमान वाटावा असे हे काम, पण त्यातील आकडा काळजीचा आहे. पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षे निघाले आणि इतर देशांत ५८.८. म्हणजे आपण जवळपास सहा वर्षे आधी!

पण या निबंधाचा खरा गाभा पुढे आहे. संशोधकांनी वरच्या नऊ गोष्टींचा हिशेब मांडला तेव्हा वयातला हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे आपले रक्त शापित वगैरे काही नाही. हे धोके आपल्याकडे कमी वयात जमा होतात, म्हणून झटकाही कमी वयात येतो. आमच्या मते या लेखातील सर्वांत आशेची गोष्ट हीच. जे मोजता येते ते बदलताही येते.

'पण मी तर बारीक आहे!'

याचे उत्तर पुण्याकडे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो आणि मोजमापे छापली. दोघेही सडपातळ. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपली माणसे बाहेरून बारीक दिसली तरी आतून चरबी धरून असतात, हे याहून सोप्या रीतीने कोणी दाखवले नसेल.

म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. दक्षिण आशियाई लोकांसाठी पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर मानतात. टेप बेंबीच्या आसपास, श्वास सोडून लावायची. पोट आत ओढून मोजणे म्हणजे स्वतःलाच फसवणे.

आखातातील नोंदी काय सांगतात?

आता आपल्या राहत्या जागेकडे येऊ. २००६-०७ या काळात आखाती देशांतील हृदयतज्ज्ञांनी मिळून 'गल्फ रेस' नावाची नोंदवही चालवली. यूएई, ओमान, बहरीन, कतार, कुवेत आणि येमेन या सहा देशांतील इस्पितळांत हृदयाच्या तातडीच्या दुखण्याने आलेल्या हजारो रुग्णांची माहिती त्यात जमा झाली. त्यात स्थानिक अरब होते तसे आपल्यासारखे नोकरीनिमित्त आलेलेही होते. रुग्णांचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांतील अशा रुग्णांपेक्षा हे बरेच कमी. दर पाच रुग्णांमागे जवळपास दोघांना मधुमेह होता.

याच मालिकेतील नंतरच्या एका नोंदवहीत मोठ्या झटक्याचे रुग्ण इस्पितळात कसे पोचले हे पाहिले. दर चार रुग्णांत जेमतेम एक जण ॲम्ब्युलन्सने आला होता! बाकीचे स्वतःच्या गाडीने, मित्राच्या गाडीने किंवा टॅक्सीने. हे वाचताना आम्हाला आमचा मित्र आठवला. त्या पहाटे त्यानेही तेच केले.

भारतातही चित्र फार वेगळे नव्हते. 'क्रिएट' या भारतीय नोंदवहीचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. ५० शहरांतील ८९ केंद्रांमधून २० हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते. मोठा झटका आलेल्या रुग्णांमध्ये दुखणे सुरू झाल्यापासून इस्पितळात पोचेपर्यंतचा मध्यम वेळ होता ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास. इस्पितळात पोचल्यावर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळेपर्यंतचा वेळ ५० मिनिटे. म्हणजे उशीर कुठे झाला? इस्पितळाच्या दाराबाहेर, घरी, "सकाळी बघू" म्हणण्यात.

निदान कसे होते?

अचानक दुखणे आले तर मुख्य तपासण्या दोन:

१. ईसीजी. छातीवर आणि हातापायांवर तारा लावून काढलेला हृदयाच्या विजेचा आलेख. इस्पितळात पोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत तो काढावा, असे जगभरच्या वैद्यकीय संस्थांचे सांगणे आहे. मात्र पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे झटका नाहीच असे नसते. दुखणे चालू असेल तर तो पुन्हा काढतात.

२. ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातील हे प्रथिन रक्तात उतरते. एकदा तपासून काही तासांत पुन्हा तपासतात आणि आकडा चढतो आहे का ते पाहतात. म्हणून डॉक्टरांनी "थोडा वेळ थांबा, रक्त परत घ्यायचे आहे," असे म्हटले तर घाई करून घरी जाऊ नये.

त्रास स्थिर असेल, म्हणजे चढावर दुखते आणि थांबल्यावर थांबते असा असेल, तर वेळ काढून पुढच्या तपासण्या करतात:

१. पट्ट्यावर चालवून घेतलेली स्ट्रेस टेस्ट. श्रम करताना ईसीजी बदलतो का ते पाहतात.

२. टूडी एको. ध्वनिलहरींनी हृदयाचे आकुंचन आणि झडपा पाहणे.

३. सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेत रंगद्रव्य देऊन सीटी यंत्राने धमन्यांचे चित्र घेणे.

४. नेहमीची अँजिओग्राफी. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी थेट हृदयाच्या धमनीपर्यंत नेणे. लगेच स्टेंट बसवायचा असेल तर तो याच नळीच्या वाटेने बसवतात.

सीटी अँजिओग्राफीबद्दल स्कॉटलंडमधील 'स्कॉट-हार्ट' या अभ्यासाचा उल्लेख केला पाहिजे. छातीत दुखते म्हणून आलेल्या ४,१४६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या तपासण्या, दुसऱ्याला त्याच तपासण्या आणि शिवाय सीटी अँजिओग्राफी. २०१८ मध्ये पाच वर्षांचा निकाल आला. हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण पहिल्या गटात ३.९ टक्के आणि सीटीच्या गटात २.३ टक्के होते. नुसते चित्र काढल्याने कोणी बरे होत नाही. चित्रात चरबीचे थर दिसल्यामुळे अधिक रुग्णांना योग्य औषधे सुरू झाली, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते.

याचा अर्थ काहीही त्रास नसताना प्रत्येकाने पॅकेजमध्ये मिळते म्हणून सीटी काढून घ्यावी असा नाही. क्ष-किरण आणि रंगद्रव्य यांचाही थोडा धोका असतोच. ते डॉक्टरांनी ठरवायचे.

चिठ्ठ्या टाकून म्हणजे काय?

इथे थोडे थांबून हा मुद्दा समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. "आमच्या काकांनी अमुक काढा घेतला आणि ब्लॉकेज गेले" हा पुरावा का नाही? कारण काढा घेतला नसता तर काकांचे काय झाले असते हे कळायला मार्ग नाही. म्हणून संशोधक हजारो रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतात. त्यामुळे वय, सवयी, परिस्थिती दोन्ही गटांत आपोआप सारख्या वाटल्या जातात. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. शक्य असेल तिथे कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही माहीत नसते आणि डॉक्टरांनाही. शेवटी दोन गटांत किती माणसे दगावली, किती जणांना झटका आला, एवढे मोजायचे. आम्ही संगणकवाले नवी आवृत्ती सगळ्यांना देण्याआधी निम्म्या लोकांवर तपासतो, तसेच हे, फक्त इथे पणाला माणसाचा जीव लागलेला असतो.

झटक्यावरील उपचार : वेळ म्हणजे स्नायू

१९८८ मध्ये 'आयसिस-२' या चाचणीचा निकाल आला. झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत आलेल्या १७,१८७ रुग्णांवर दोन औषधे तपासली. एक गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज आणि दुसरी आपली साधी ॲस्पिरिन. दोन्ही न मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने १३.२ टक्के दगावले, दोन्ही मिळालेल्यांपैकी ८ टक्के. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे पाच जीव जास्त वाचले, आणि त्यातले एक औषध काही पैशांत मिळणारे! स्ट्रेप्टोकायनेज जितक्या लवकर दिले तितका फायदा अधिक, हेही त्यात दिसले.

पुढे गुठळी इंजेक्शनने विरघळवण्यापेक्षा बंद धमनी थेट फुग्याने उघडून स्टेंट बसवणे अधिक चांगले, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले. पण अट एकच, ते वेळेत झाले पाहिजे. आजचा सर्वसाधारण नियम असा: निदान झाल्यापासून दोन तासांत धमनी उघडता येणार असेल तर अँजिओप्लास्टी. तेवढ्यात ती सोय गाठता येणार नसेल, तर आधी इंजेक्शन द्यायचे आणि मग मोठ्या इस्पितळात हलवायचे. गावाकडे राहणाऱ्या आई-वडिलांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी "आधी इंजेक्शन देऊन मग पाठवतो," असे म्हटले, तर दुबईतून फोनवर "नको, थेट पुण्याला न्या," असा आग्रह धरू नये.

स्थिर आजारात स्टेंट : गैरसमज आणि खरे

मोठ्या झटक्यात स्टेंट जीव वाचवतो, यात शंका नाही. स्थिर आजाराचे तसे नाही, आणि इथेच आपल्या लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो.

'करेज' या चाचणीत (२००७, अमेरिका व कॅनडा) २,२८७ स्थिर रुग्णांपैकी निम्म्यांना उत्तम औषधे दिली आणि निम्म्यांना तीच औषधे देऊन शिवाय स्टेंट बसवला. साडेचार वर्षांच्या सुमारास पाहिले तर मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे. तेव्हा पुष्कळांनी शंका घेतली. मग ३७ देशांत, भारतासह, ५,१७९ रुग्णांवर 'इस्केमिया' ही मोठी चाचणी झाली. २०२० मध्ये तिचा निकाल छापून आला, तोही तसाच. अँजिओप्लास्टी किंवा बायपास लगेच केल्याने मृत्यू आणि झटके मिळून कमी झाले नाहीत. ज्यांना वारंवार छातीत दुखत होते त्यांना मात्र आराम पडला.

हा आराम खरा की मनाचा? त्यासाठी इंग्लंडमधील डॉक्टरांनी 'ऑर्बिटा' नावाची धाडसी चाचणी केली. काही रुग्णांना स्टेंट बसवला आणि काहींवर सगळे सोपस्कार करूनही तो बसवलाच नाही. २०१७ च्या पहिल्या चाचणीत, औषधे नीट चालू असलेल्या रुग्णांच्या चालण्याच्या क्षमतेत दोन गटांत फारसा फरक दिसला नाही. २०२३ च्या दुसऱ्या चाचणीत दुखण्यावरची औषधे बंद ठेवून पाहिले, तेव्हा स्टेंटमुळे दुखणे खरोखर कमी झालेले दिसले.

थोडक्यात काय? स्थिर आजारात स्टेंट दुखणे कमी करण्यासाठी चांगला, पण तो झटक्यापासूनचे विमा-कवच नव्हे. डाव्या मुख्य धमनीतील अडथळा, हृदयाची कमी झालेली ताकद अशा काही परिस्थिती याला अपवाद आहेत, आणि तिथे शस्त्रक्रियेचा खरोखर फायदा होतो. म्हणून स्थिर रुग्णाला "आजच्या आज स्टेंट टाका," असे सांगितले गेले तर नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत: हा झटका आहे की स्थिर आजार? औषधांनी भागेल का? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याइतका वेळ आहे का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. मात्र झटका असेल तर प्रश्न विचारत बसू नये, सही करावी.

रोजच्या गोळ्या

स्टॅटिन: रक्तातील वाईट चरबी कमी करणारी गोळी. १९९४ मध्ये आलेल्या 'फोर-एस' या स्कँडिनेव्हियातील चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. सुमारे साडेपाच वर्षांत गोळी न मिळालेल्यांपैकी १२ टक्के दगावले, मिळालेल्यांपैकी ८ टक्के. स्टेंट बसवून सहा महिने झाले, रिपोर्ट चांगला आला, म्हणून ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करणारे आपल्याकडे कमी नाहीत. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच!

ॲस्पिरिन: झटका किंवा स्टेंट झालेल्यांना ती लागते. पण काहीच आजार नसलेल्यांनी "रक्त पातळ राहावे" म्हणून रोज घ्यावी का? २०१८ मध्ये 'ॲस्प्री' या चाचणीने १९ हजारांहून अधिक निरोगी ज्येष्ठांवर हे तपासले. हृदयविकार म्हणावा तसा कमी झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. आपल्या आई-बाबांच्या डब्यात ही गोळी कोणाच्या सांगण्यावरून आली आहे, हे एकदा विचारून घ्यावे. मात्र डॉक्टरांना न विचारता ती बंदही करू नये.

तंबाखू: इंटरहार्टच्या माहितीतून हेही पुढे आले, की ओढायचीच नव्हे तर चघळायची तंबाखूसुद्धा झटक्याचा धोका वाढवते. शनिवारची शीशाही यात आली. पाण्यातून धूर गेला म्हणजे तो स्वच्छ होतो, हा निव्वळ भ्रम आहे.

आपण काय करायचे?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटी साखर व एचबीएवनसी, चरबीची तपासणी आणि पोटाचा घेर मोजावा. आई-वडिलांना किंवा भावंडांना कमी वयात झटका आला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लायपोप्रोटीन-ए ही एक रक्ततपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते. ती आनुवंशिक असते आणि नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुधा नसते. आकडे एका वहीत लिहून ठेवावेत. एका वर्षाचा आकडा फार काही सांगत नाही, पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की दिशा कळते.

दुखणे कसे ओळखायचे? छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते हात, खांदा, जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागाकडे जाणे, घाम, धाप, मळमळ. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसती धाप, विलक्षण थकवा किंवा मळमळ एवढेच असू शकते. घरातली बाई "काही नाही, दमले आहे," म्हणाली तरी घाम फुटलेला असेल तर ऐकू नये!

असे काही दहा-पंधरा मिनिटांत थांबले नाही, किंवा सुरुवातीपासूनच जोरात असेल, तर:

१. ९९८ ला फोन लावा. यूएईत ॲम्ब्युलन्सचा हा क्रमांक आहे. महाराष्ट्रात १०८.

२. पत्ता नीट सांगा. दुबईत इमारतीच्या दारावर दहा आकडी मकानी क्रमांकाची पाटी असते. तो आजच फ्रिजवर लिहून चिकटवा. फ्री झोनमधील गोदामात किंवा ऑफिसात असाल तर फाटकाचा क्रमांक सांगा आणि एकाला फाटकावर उभे करा.

३. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये. वाटेत हृदयाचे ठोके बिघडले तर त्याच्यासह रस्त्यावरील इतरांचाही जीव जातो. ॲम्ब्युलन्समध्ये ठोके ताळ्यावर आणण्याचे यंत्र असते, आपल्या गाडीत नसते.

४. ॲलर्जी नसेल आणि रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवरच्या माणसाच्या सल्ल्याने ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खावी.

५. माणूस कोसळला, हाक मारून उत्तर देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी पाच ते सहा सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नका. जवळ एईडी यंत्र असेल तर ते सुरू करा, पुढचे तेच बोलून सांगते.

ही छाती दाबण्याची क्रिया वाचून येत नाही, पुतळ्यावर करूनच येते. आपल्या मंडळाने वर्षातून एक रविवार यासाठी ठेवावा, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे. गणपतीच्या तयारीच्या बैठकीला जमतो, तसेच जमायचे.

आई-बाबा भेटीला येणार असतील तर तीन गोष्टी तयार ठेवाव्यात: त्यांच्या औषधांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी, जुन्या ईसीजीची प्रत (नवा ईसीजी तिच्याशी ताडून पाहता येतो) आणि प्रवासी विमा. विमा घेताना आधीपासून असलेल्या हृदयविकाराचा खर्च त्यात धरला आहे का, ते बारीक अक्षरांतले वाचावे.

शेवटी

आमचा मित्र आता पुन्हा कामावर येतो, रोज चालतो, गोळ्या चुकवत नाही. मागे एकदा तो म्हणाला, "तुम्ही त्या रात्री झोप म्हणालात त्याचा राग नाही. मी तुमच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो." हे ऐकून आम्हाला जास्तच लागले. कारण ते खरे आहे. आपल्यापैकी कोणीही तेच म्हणाले असते.

एवढ्या मोठ्या संशोधनातून आम्ही आमच्यापुरत्या दोनच गोष्टी गाठीला बांधल्या आहेत. मोजायला पन्नाशीची वाट पाहायची नाही. आणि दुखायला लागले तर सकाळची वाट पाहायची नाही.

लेखातील माहिती सर्वसाधारण आहे. औषधांचा निर्णय आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. काळजी घ्या, आणि हा लेख वाचून झाल्यावर मकानी क्रमांक फ्रिजवर लिहायला विसरू नका!